मापाची बाई

रविवार, ९ मार्च

ही वही खरं तर बाळाची आहे. दवाखान्यातल्या नर्सने दिली होती. बाळ किती वाजता प्यायलं, किती वेळ प्यायलं, किती लंगोट ओले झाले ते हिच्यात लिहायचं. पहिला महिना मी इमानेइतबारे लिहिलं, दुसरा महिना अंदाजपंचे, आणि मग सोडून दिलं. मागची निम्मी पानं कोरी आहेत. ती आता माझी.

आज ठमी झोपल्यावर कपाटातलं सगळं पलंगावर काढलं. (ठमी हे सासूबाईंनी ठेवलेलं नाव. पाळण्यातलं वेगळं आहे, ते कुणी वापरत नाही.) नऊ पँटी होत्या. पाच गुडघ्यापर्यंत, तीन मांडीपर्यंत आणि एक वरपर्यंत आली, पण तिचं बटण आणि काज एकमेकांकडे पाहुण्यांसारखे लांबूनच बघत राहिले. मग टेप काढला. छाती एक्केचाळीस, कंबर साडेपस्तीस, सीट साडेबेचाळीस. दोनदा मोजलं.

माझे आकडे आहेत छत्तीस, तीस, अडतीस. आठ वर्षं तेच होते, कारण तोच माझा पगार आहे. मी कपड्यांच्या कारखान्यात मीडियमचं माप आहे. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगता सांगता तोंड दुखतं. कपडा आधी कागदावर कापतात, मग त्याचा एक नमुना शिवतात, आणि तो कुणाच्या तरी अंगावर चढवून, टाचण्या लावून दुरुस्त करतात. ते कुणीतरी म्हणजे मी. पुतळाही आहे, पण पुतळ्याला तोंड नाही. मी सांगते की इथे काखेत ओढतंय, बसलं की वर चढतंय, हात वर केला की पाठीत काचतंय. त्यावरून आमचे मास्तर कागद सुधारतात आणि माझ्यावरून स्मॉल, लार्ज सगळे निघतात. हजारो बायका माझी कंबर घालून फिरत असतात. कारखान्यात मला नावाने कुणी ओळखत नाही. सगळ्यांची मी मीडियम.

कारखान्याच्या मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, "सतरा तारखेला ये. नवी ऑर्डर आलीय आणि तूच पाहिजेस." मी म्हटलं, मॅडम, जरा वजन वाढलंय. त्या हसल्या. "ये तर आधी." ते हसणं काही मला आवडलं नाही. मी रजेवर असताना माझ्या जागी एक उंच मुलगी घेतली होती. ती अजून तिथेच आहे, हे मला पॅकिंगवाल्या बाईकडून कळलं.

आठ दिवसांत साडेपाच इंच. लिहून पाहिलं की आकडा आणखीच मोठा दिसतो.

बुधवार, १२ मार्च

पहिल्या दिवशी अंगावर काय घालायचं म्हणून बाजारात गेले. ठमी सासूबाईंजवळ.

बाळंत झालेल्या बायकांसाठी दुकानात दोनच प्रकार असतात, तंबू आणि पोतं. तंबूवर फुलं असतात. मी आठ वर्षं कपड्यांच्या आत राहिलेली बाई, मला उलटी शिवण दाखवली की बास. सगळीकडे खांदा उतरलेला, गळा ढगळ. बाईचं पोट वाढलं की खांदेही वाढतात असं यांना वाटतं की काय कोण जाणे. दुकानातली मुलगी मागे मागे येऊन सारखी म्हणत होती, "ताई, यात पोट अजिबात दिसत नाही." सातव्यांदा तेच ऐकून मी म्हटलं, यात मीच दिसत नाही.

मग एक शर्ट मिळाला. गडद निळा, मऊ, कापड जरा वजनदार. खांदा बरोबर खांद्यावर बसत होता, छातीखालून कापड सरळ पडत होतं, कुठे चिकटत नव्हतं आणि कुठे फुगतही नव्हतं. घालून मी वाकले, बसले, ठमीला उचलल्यासारखे हात केले. काही ओढलं नाही. आरशात मी चक्क मला आवडले. मी त्या छोट्या खोलीत उगाचच बराच वेळ थांबले.

मग गळ्यामागची चिठ्ठी पाहिली. एक्स्ट्रा लार्ज. शर्ट हँगरला लावला आणि तिच्या हातात दिला.

येताना औषधाच्या दुकानातून पोटाचा पट्टा घेतला, अंगाच्या रंगाचा, तीन हुकांचा. आणि पाय मुरगळल्यावर बांधतात तसल्या पट्टीचे दोन रोल. ती छातीला.

शनिवार, १५ मार्च

सकाळी फक्त चहा, दुपारी एक सफरचंद. सासूबाई ताट वाढून समोर बसतात आणि मी उठेपर्यंत ताटाकडे बघतात. माझ्याकडे नाही, ताटाकडे. मुलाच्या घरातलं अन्न वाया जातं याचं त्यांना वाईट वाटत असणार.

पट्टा लावून मोजलं, कंबर बत्तीस. श्वास मात्र वरच्या वर घ्यावा लागतो. जमेल.

सोमवार, १७ मार्च

गेले एकदाची.

काही बदललेलं नाही. तेच लांबलचक कटिंगचं टेबल, इस्त्रीची वाफ, आकड्याला टांगलेले कागदाचे खाके. उंच मुलगी दारातच भेटली आणि गोड हसली. मॅडम म्हणाल्या, "आधी माप." 

मास्तर एकसष्ट वर्षांचे आहेत आणि माझ्याशी आजवर तुम्हीशिवाय बोललेले नाहीत. ते माप घेतात ते एका पद्धतीने. टेप मागून टाकतात, पुढे दोन बोटांत धरतात, नजर खिडकीकडे, अंगाला बोट म्हणून लागू देत नाहीत. आकडा वाचण्यापुरते डोळे खाली. आतल्या पातळ बनियनखाली काय आहे ते पाहण्याचं पाप त्यांच्या हातून होणारच नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. त्याच भरवशावर मी उभी होते. आता लिहिताना हे बरं वाटत नाहीये.

"साडेअडतीस, बत्तीस, एक्केचाळीस," मास्तर म्हणाले. मॅडमनी कागदावर बघून तोंड जरा वाकडं केलं. "एवढंच?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. टोमणे मारायचे तर सरळ मारावेत.

आणि मग त्यांनी ऑर्डर सांगितली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षातल्या बायकांसाठी कपडे, पाजायला सोपे शर्ट आणि मऊ कमरेच्या पँटी. बसता-उठता आराम पडला पाहिजे आणि चारचौघांत चांगलंही दिसलं पाहिजे. "म्हणून तर तुझ्यासाठी थांबलो," मॅडम म्हणाल्या. "हिच्या अंगावर," त्यांनी उंच मुलीकडे हात केला, "हे कसं कळणार?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण आकडे कागदावर गेले होते, उंच मुलगी कान टवकारून उभी होती, आणि पट्टा बांधून माप दिलं हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय ही ऑर्डर तीन महिन्यांची. पुढे त्यांना मीडियम लागेलच. तेव्हा मी साडेपस्तीस कंबर घेऊन कुठे जाऊ? ही बाई कमी होत चाललीय असं दिसलं तरच जागा राहील.

स्टुलावर दोन तास उभी होते. मास्तर नेहमीसारखे विचारत होते, "बाई, कुठे ओढतंय?" सगळीकडे ओढत होतं. म्हटलं, बरोबर आहे मास्तर.

गुरुवार, २० मार्च

दुपारी बाथरूममध्ये जाऊन पट्ट्या सोडते, दूध बाटलीत काढते, पुन्हा बांधते. सोमवारी दीड बाटली निघालं होतं, आज अर्धी. धावपळीत होतं असं.

ठमी माझ्यावर रुसलीय. घरी आले की तोंड लावते, दोन मिनिटं ओढते आणि मान फिरवून रडते. आठ तास सोडून गेले त्याचा राग. सासूबाई म्हणाल्या, "भूक असेल तिला." मी म्हटलं, भूक असती तर प्यायली नसती का? 

पहिला शर्ट मंजूर झाला. मास्तर खूश होते. म्हणाले, "निवृत्त होण्याआधी एक चांगलं काम करून जाईन."

सोमवार, २४ मार्च

आज काळी पँट लागली! जुनी, लग्नानंतर घेतलेली. बटण सहज काजात गेलं, वर जरा जागाही उरली. मी आरशासमोर तीनदा लावून पाहिली. नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो बसच्या डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावतो, त्याला सगळ्यात उशीर तेवढा दिसतो. तो म्हणाला, "छान. चल, सव्वाआठ झाले."

म्हणजे उपाशी राहणं लागू पडतंय. टेप लावला नाही. टेप कधी कधी दगा देतो, पँट देत नाही. आता दुपारचं सफरचंदही अर्धंच.

एक गोष्ट मात्र खटकली. काल मी आंघोळीहून आले तेव्हा सासूबाई माझ्या कपाटाशी होत्या. चष्मा नाकावर, तोंडात दोरा. मला बघून दार लोटलं आणि म्हणाल्या, "बटण ढिलं होतं एक." मी नव्हते तेव्हा आणखी काय काय उचकत असतील देव जाणे. ठमीला त्या सांभाळतात म्हणून तोंड शिवून बसायचं.

शुक्रवार, २८ मार्च

दवाखाना. ठमीचं वजन सहा किलो. मागच्या महिन्यात पाच किलो नऊशे होतं.

नर्सने काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. पुन्हा सहा. "महिन्यात शंभर ग्रॅम?" ती म्हणाली. "नीट जेवता ना?"

"हो."

"छातीला घट्ट काही घालता का?"

"नाही."

किती पटकन आलं ते ‘नाही’. मी मापाची बाई, प्रश्नाला खरं उत्तर देण्याचा पगार घेते. नर्सने दोन आठवड्यांनी बोलावलंय. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. रिक्षात त्या ठमीचे पाय पदराखाली धरून बसल्या होत्या.

मला भीती वाटतेय. कशाची ते नीट लिहिता येत नाही. डोकं गरगरतं आणि संध्याकाळी जिना चढताना कठडा धरावा लागतो.

मंगळवार, १ एप्रिल

मोठं कटिंग व्हायच्या आधी चाळीस शर्ट चाळीस बाळंतिणींना घालून बघायला दिले होते. आठ दिवस वापरा आणि काय वाटलं ते चिठ्ठीवर लिहा, असं सांगून. आज चिठ्ठ्या आल्या. मॅडमनी सगळ्यांसमोर वाचल्या.

"बसले आणि बटण उडालं."

"मीडियम म्हणता आणि माझा हात बाहीत शिरत नाही."

"पाजायला सोपा म्हणून दिला. पाजायच्या आधी सोडवायला नवऱ्याला हाक मारावी लागली."

यावर कुणीतरी हसलं. पुढच्या चिठ्ठीवर एवढंच होतं, "हा घालून मला रडू आलं. मला वाटलं मीच चुकीची आहे."

चाळीसांतल्या छत्तीस जणींनी तेच लिहिलं होतं. कागद मास्तरांचा. सगळे मास्तरांकडे बघत होते आणि मास्तर टेबलाकडे.  पट्टा इतका काचत होता की आत वळ उठलेत.

"मास्तर," मॅडम हळू म्हणाल्या, "डोळे एकदा तपासून घ्या."

गुरुवार, ३ एप्रिल

जेवणाच्या सुटीत मी पाणी घ्यायला आत गेले तर मास्तर एकटेच होते. लोखंडी पट्टी घेऊन कटिंगचं टेबल मोजत होते. टेबलाच्या कडेवर इंच कोरलेले आहेत, तीस वर्षं ते त्यांवरच कापतात. ते इंच बरोबर आहेत का ते बघत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग उलट. पलीकडे त्यांचा जुना टेप कचऱ्याच्या डब्यात होता आणि खिशात कोरा करकरीत नवा. डोळे त्यांनी काल तपासून घेतले. नंबर बदललेला नाही.

मला बघून पट्टी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा भरवसा आहे म्हणून विचारतो. त्या शर्टात कुठेच ओढत नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही मास्तर."

"मग हातच गेले माझे," ते म्हणाले, आणि हात उताणे करून त्यांच्याकडे बघत बसले.

मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आले. माझ्यासारखी नीच बाई नसेल.

शुक्रवार, ४ एप्रिल

मॅडमनी ठरवलंय. सोमवारी बाहेरून नवा मास्तर येणार, माझ्याच अंगावरून नवा कागद काढणार, आणि बुधवारी दोन हजार शर्टांचं कटिंग. मास्तर पॅकिंगला जाणार, बटणं तपासायला.

उंच मुलगी जिन्यात म्हणाली, "तुमचं बरं आहे, तुम्ही नुसतं उभं राहायचं." तिला कितीसं कळलंय कोण जाणे.

सांगितलं तर माझी जागा गेली. नाही सांगितलं तर सोमवारी मी पुन्हा स्टुलावर चढणार आणि दोन हजार बायकांना रडू येणार. आणि मास्तर बटणं मोजणार. आज दिवसभर हेच चाललं होतं डोक्यात. घरी आल्यावर ठमी प्यायली नाही तर तिच्यावरच चिडले. इतक्याशा जिवावर.

रविवार, ६ एप्रिल

आज सगळं एकदमच झालं.

सकाळी उद्याची तयारी म्हणून काळी पँट इस्त्रीला घेतली, स्वतः, कितीतरी दिवसांनी. उलटी केली आणि हात थांबला. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून आत लांबट तिकोनी तुकडे घातलेले, त्याच काळ्या कापडाचे, पायाच्या दुमडीतून काढलेले. कमरेला मागे इलॅस्टिक. हातशिवण, टाका तांदळाच्या कणीएवढा. मी कपड्यांतली म्हणवते आणि पंधरा दिवस ही पँट घालून मिरवत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. पँट घेऊन स्वयंपाकघरात गेले. सासूबाई ठमीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आई, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"मला वेडी समजता का? मला वाटलं मी बारीक झाले. मी त्यावर आणखी..." 

त्या थोडा वेळ ठमीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू रोज सकाळी आरशासमोर पँट ओढत उभी असायचीस. दार नुसतं लोटलेलं असायचं. मला बघवेना गं. म्हटलं, एकदा पँट लागली की पोटभर जेवेल तरी."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर घातली असतीस का?" मग जरा थांबून, "पण चुकलंच माझं. तू तर जेवायचीच बंद झालीस. तुला फसवायला नको होतं, विचारायला हवं होतं."

बस, इतकंच. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी बाई, आणि दोन वाक्यांत चूक कबूल करून मोकळी झाली. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि गॅस बंद करून गेला. गॅस लागलेलाच नव्हता.

नंतर जेवले. पूर्ण ताट, वर परत वाढून घेतलं. पट्टा नाही, पट्ट्या नाहीत. ठमी दुपारी बावीस मिनिटं प्यायली आणि पिता पिता झोपली. सुटीचा दिवस म्हणून रुसवा गेला असेल. सासूबाई घड्याळ बघत होत्या आणि तोंडावरून हात फिरवून हसू लपवत होत्या.

पट्टा पिशवीत घातलाय. उद्या मास्तरांपुढे ठेवणार. आत्ता लिहून ठेवते, म्हणजे सकाळी मन बदललं तरी मागे फिरता येणार नाही.

सोमवार, ७ एप्रिल

मागे फिरले होते. कारखान्याच्या कोपऱ्यावर दोनदा. मग आत गेले.

नवा मास्तर खुर्चीवर बसून चहा पीत होता. आमचे मास्तर त्यांची कात्री कापडात गुंडाळत होते. मॅडम होत्या, उंच मुलगी होती. मी पिशवीतून पट्टा आणि पट्ट्यांचे रोल काढून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "मी हे घालून माप दिलं. पहिल्या दिवसापासून. सगळं ओढत होतं, मी खोटं बोलले. कागद बरोबर होता, मी चुकीची होते."

नव्या मास्तराने चहा खाली ठेवला. मॅडमनी पट्टा उचलला, हुक बघितले, परत ठेवला.

मला वाटलं होतं मास्तरांना हायसं वाटेल. त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय मी पहिल्यांदाच पाहिले, आणि ते रागाने भरलेले होते.

"सात दिवस मी टेबल मोजतोय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "बायकोला म्हटलं, माझे हात गेले. ती मला भाजी चिरायला देईना. आणि तुम्हाला मी विचारलं होतं. विचारलं होतं ना?"

"हो मास्तर."

ते उठून बाहेर गेले. दहा मिनिटांनी आले. कात्री कापडातून सोडवली, टेप काढला. "उभ्या राहा."

टेप मागून टाकला, दोन बोटांत धरला. नजर खिडकीकडे. "एक्केचाळीस. खरं?"

"खरं."

"कंबर साडेपस्तीस. खरं?"

"खरं."

"सीट साडेबेचाळीस. खरं?"

प्रत्येक आकड्याला विचारत होते. आठ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. उंच मुलगी लिहून घेत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. ते मात्र चांगलं केलं तिने.

मॅडमनी नंतर केबिनमध्ये बोलावलं. नव्या मास्तराला परत पाठवलंय. कटिंग दोन आठवडे पुढे ढकललं, त्यासाठी त्यांना ऑर्डरवाल्यांपुढे नाक घासावं लागलं. "मीडियम आता ती नवी मुलगी," म्हणाल्या. "तू या ऑर्डरपुरती. पुढचं पुढे बघू. खरं सांगू का, पहिल्या दिवशी ते आकडे बघून माझीच निराशा झाली होती. मला तर वाटलं, आता बाळंतिणीसाठी कपडा करायचा तो कुणावर?"

जागा गेली. घरी येताना बसमध्ये मोठा श्वास घेतला, पार खालपर्यंत. तोही सवय नसल्यासारखा अर्ध्यात अडखळला.

शुक्रवार, ११ एप्रिल

मास्तर माझ्याशी फक्त आकडे बोलतात. तुम्ही कशा आहात, बाळ कसं आहे, काही नाही. मी आले की चष्मा पुसायला घेतात.

आज म्हणाले, "उभं राहून काही कळत नाही. या बायका दिवसभर बसलेल्या असतात. बाळाला घेऊन या." दुपारी सासूबाई ठमीला घेऊन आल्या. मला वाटलं होतं स्टुलावरच टेकावं लागेल, पण टेबलाशी पाठीची खुर्ची होती, वर गादी घातलेली. कुणी आणून ठेवली माहीत नाही, मॅडमची असेल. मी शर्ट घालून ठमीला पाजत बसले आणि मास्तर खुर्चीच्या मागे उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून.

"कुठे ओढतंय?"

मी सांगत गेले. काखेत. बाळ डावीकडे घेतलं की उजवा खांदा सरकतो. वाकल्यावर पाठ उघडी पडते. बाजूची बटणं एका हाताने निघत नाहीत. कड पोटाच्या बरोबर मध्यावर येते, तिथे यायला नको, चार बोटं खाली हवी, म्हणजे बाईला सारखं ओढत बसावं लागणार नाही. बारा गोष्टी निघाल्या. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आणि कापड जरा जड घ्या हो. हलकं कापड सगळं सांगत बसतं." मास्तर त्यांच्याकडे वळले. "तुम्ही शिवता?" सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिवत होते. आता विचारून शिवते."

मास्तरांनी मान हलवली. जवळजवळ हसले. माझ्याकडे बघितल्यावर ते हसू गेलं.

दवाखान्यातही जाऊन आलो. सहा किलो तीनशे. नर्सने विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली आणि मला बरं वाटलं.

गुरुवार, १७ एप्रिल

नवे चाळीस शर्ट परवा गेले. या वेळी मोठं कटिंग चिठ्ठ्या आल्याशिवाय होणार नाही. जीव टांगणीला लागलाय. उंच मुलगी आता मीडियमच्या स्टुलावर उभी असते. आज तिने मला हळूच विचारलं, "काखेत ओढत असेल तर सांगायचं का लगेच? मास्तर चिडतात का?" मी म्हटलं, लगेच सांग. तिचे खांदे छान आहेत. मला हेवा वाटतो, तो लिहून ठेवते.

सोमवार, २१ एप्रिल

चिठ्ठ्या आल्या. मॅडमनी वाचल्या. तिघींनी बाही लांब म्हटलं. एकीला रंग आवडला नाही. एकीने लिहिलंय, "पाच दिवसांतले चार दिवस हाच घातला, धुऊन परत." एकीने लिहिलं की बहिणीच्या घरी गेले तर बहिणीने विचारलं, आज काही विशेष आहे का? बाकी सगळ्यांनी आणखी एक मिळेल का, असं विचारलंय. बुधवारी कटिंग.

मॅडमनी मला काही सांगितलं नाही. पुढचं पुढेच आहे अजून.

दुपारी मास्तरांनी हाक मारली. आता पँटीचं काम सुरू, नव्याने माप. मी उभी राहिले. टेप मागून आला, दोन बोटांत धरला, नजर खिडकीकडे.

"कंबर साडेछत्तीस," मास्तर म्हणाले.

मी त्या ‘खरं?’ची वाट बघत थांबले. त्यांनी विचारलंच नाही. आकडा लिहिला आणि सीटचं माप घेतलं.